पुनवेच्या मध्यरात्री मानस उघडत नाही

हस्तलिखित माझ्याकडे आलं ते काजूबियांच्या कापडी पिशवीतून. मे महिना होता. बाई डिचोलीहून बसने फोंड्याला आल्या, पिशवी सोप्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "सर, चोरांची गोष्ट आहे. राजकारण आहे, जादूपण आहे. पाच जणांनी वाचायला नेली. पाचही जण म्हणतात छान आहे, आणि एकानेही शेवटपर्यंत वाचलेली नाही."

इतकं नेमकं दुखणं सांगणारा लेखक क्वचित भेटतो. मी काही वर्षं एका दैनिकाची रविवार पुरवणी सांभाळली. आता घरी बसून मराठी हस्तलिखितं तपासतो. घरात कोकणी बोलणारी आणि लिहायला बसली की मराठीत उतरणारी माणसं गोव्यात पुष्कळ. बाई त्यांतल्याच, शाळेत मराठी शिकवतात. पुढे जे सांगतो आहे ते त्या एका हस्तलिखिताचं, पहिल्या वाचनापासून दुसऱ्या खर्ड्यापर्यंतचं. बाईंनी परवानगी दिली आहे, कथेत चोरीला गेलेली मुद्रा शेवटी कुठे सापडते ते सांगायचं नाही या अटीवर.

पहिला खर्डा

सातमुख नावाचं एक काल्पनिक बंदर. नदी सात तोंडांनी समुद्राला मिळते आणि मधल्या खाजणांच्या बांधांवर शहर वसलेलं आहे. राजा नाही; बारा वांगडांची सभा कारभार पाहते. ही कल्पना बाईंनी इथल्याच गावकरीवरून, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराच्या जुन्या पद्धतीवरून, उचलली आहे. गाव वसवणाऱ्या कुळांचे वांगड, सामाईक जमीन, तिच्या उत्पन्नातला वाटा म्हणून मिळणारं जोण. पोर्तुगीज अंमलात आफोंसो मेशियाने १५२६ साली गावकऱ्यांचे रिवाज फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, लिहून काढले, पण व्यवस्था त्याच्या कितीतरी आधीची. काल्पनिक शहराला असा पाया मिळाला की निम्मं काम होतं. नुसते सिंहासन, युवराज आणि सेनापती घेऊन बसलेल्या कादंबऱ्या मी इतक्या तपासल्या आहेत की बारा भांडकुदळ गावकार बघून मला बरं वाटलं.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री नदीवर दिव्यांच्या होड्या सोडलेल्या असताना सभेची मत्स्यमुद्रा भांडारातून चोरीला जाते. संशय 'काळोखी' या चोरांच्या टोळीवर. टोळीतली शेवंती ही एका मानशेकाराची, म्हणजे मानस सांभाळणाऱ्याची मुलगी. टोळीवरचा आळ दूर करायला ती खरा चोर शोधायला निघते आणि पान २९० वर देवीच्या आरशात सभेच्या मुतालिकाचा, म्हणजे तिच्या वतीने कारभार पाहणाऱ्याचा, चेहरा उमटतो. तोच चोर. समाप्त.

मानस म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकासाठी आधी सांगतो. नदीकाठची खाजण जमीन भरतीच्या पातळीहून खाली असते. बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि बांधात एक दार ठेवायचं, त्या दाराला मानस म्हणतात. लाकडी फळ्यांचं हे दार नदीच्या बाजूला उघडतं. भरती चढली की नदीचं पाणीच ते दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. त्या ओढीच्या तोंडाला जाळं लावून सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि मासे धरायचे. या मासेमारीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. दाराला ना कुलूप ना पहारेकरी. पाणी स्वतःच उघडतं, स्वतःच लावतं.

हे सगळं पहिल्या खर्ड्यात होतं, पण देखावा म्हणून. बाईंनी घरात ठेवलेली तिजोरी त्या स्वतःच उघडायला विसरल्या होत्या.

वाचक कुठे सुटला

अशा हस्तलिखिताला मी एक साधी कसोटी लावतो. वहीत प्रत्येक प्रकरणापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: शेवंतीला नवीन काय कळलं आणि वाचकाला नवीन काय कळलं. बाईंच्या कादंबरीत पान ४० नंतर दोन्ही रकाने रिकामे पडायला लागले. ती छपरांवरून पळते, धक्क्यावर मारामारी करते, एका वांगडाच्या वाड्यात मोलकरीण बनून राहते. वाक्यं सुरेख आहेत, म्हणून लोक 'छान' म्हणत होते. पण पान २०० वर तिला तेवढंच ठाऊक आहे जेवढं पान ४० वर होतं.

दुसरं दुखणं जादूचं. मी मोजल्या, एकूण सात जादू निघाल्या. अदृश्य करणारा मंत्र, सत्य दाखवणारा आरसा, बोलणारी मूर्ती, मिठाच्या पाण्याची शपथ, झोप आणणारी राख, पक्ष्यांची भाषा, आणि सावली विकत घेणारा एक व्यापारी, जो मला फार आवडला होता. यातली कुठलीही एक जादू चोरी पहिल्याच दिवशी उकलू शकली असती. मी समासात लिहिलं, "अदृश्य होता येत होतं तर कडी कशाला तोडली?" बाईंनी खाली पेन्सिलीने लिहून पाठवलं, "खरंच की!"

राजकारणाचं म्हणाल तर मुतालिक चोरी करतो ती 'सत्तेच्या हव्यासापोटी'. हा शब्द मी हस्तलिखितात पाहिला की लाल पेन घेतो. १७८७ सालचं पिंटोंचं बंड आठवा. कांदोळीच्या घरात शिजलेल्या त्या कटात पाद्री होते, लष्करातले अधिकारी होते आणि तो अमलात येण्याआधीच फुटला. त्यांच्या मनात काय होतं? मोठी तत्त्वं असतीलही, पण टोचणी अगदी मोजता येण्याजोगी होती. पात्रता असून इथल्या माणसाला वरची जागा मिळत नाही, ती रैनोलाच, म्हणजे पोर्तुगालहून आलेल्यालाच मिळते. कारस्थान असं एका नाकारलेल्या जागेपासून, अडलेल्या कागदापासून सुरू होतं. म्हणून मी बाईंना एकच प्रश्न विचारला. मुद्रा नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नेमका कोणता कागद अडला?

त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आठवड्याने फोन आला. "सर, खाजणाचा कागद. सभा खाजण एका बाहेरच्या व्यापाऱ्याला मिठागरं करायला देणार आहे. मुद्रा उमटली की बांधावरचे दोन वांगड उठले."

तिथून कादंबरीला कणा आला. मुद्रा कोणाकडे आहे यापेक्षा ती नसल्याने काय थांबलं, हा प्रश्न मोठा झाला.

शर्विलक आणि कौटिल्य

चोरांचं काय करायचं? पहिल्या खर्ड्यातले चोर काळे कपडे घालून छपरावर बसायचे आणि मुंबईच्या सिनेमातल्यासारखं बोलायचे. मी बाईंना मृच्छकटिकाचा तिसरा अंक पुन्हा वाचायला सांगितला. देवलांचं संगीत मृच्छकटिक त्यांनी लहानपणी देवळाच्या उत्सवात पाहिलं होतं, पण मूळ शूद्रकातला शर्विलक फार बारीक माणूस आहे. तो भिंतीला भोक पाडण्याआधी विचार करतो की आकार कुठला द्यावा: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक की पूर्णकुंभ? सकाळी लोक जमतील तेव्हा त्यांनी कौतुक केलं पाहिजे ना! मोजमापाचा दोरा घरी विसरलाय, मग जानव्यानेच मापतो आणि ब्राह्मणाला जानवं किती उपयोगी असतं यावर दोन शब्द ऐकवतो. अंगाला योगरोचना चोपडून आलाय. ती लावली की पहारेकऱ्यांना दिसत नाही आणि शस्त्र लागलं तरी दुखत नाही. एवढी जादू अंगावर असूनही दाराचा आवाज होऊ नये म्हणून तो पाणी शोधत फिरतो. जादू आहे तिथेच कसबही आहे, म्हणून माणूस खरा वाटतो.

बाईंच्या टोळीला यातून कसब मिळालं. सिनेमातली बोली गेली, तिच्या जागी करपल्लवी आली. व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत, तशी काळोखीची माणसं मासळीच्या पावणीत गर्दीसमोर उघड उभी राहून कोणाचं घर, कोणती रात्र हे ठरवतात. हा प्रसंग कादंबरीतला सगळ्यात चांगला आहे असं माझं मत. बाईंना पटत नाही.

अदृश्य होण्याच्या मंत्राचा निकाल मात्र अर्थशास्त्राने लावला. चौथ्या अधिकरणात, म्हणजे कंटकशोधनात, कौटिल्याने एक युक्ती सांगितली आहे. सिद्धपुरुषाच्या वेषातल्या हेरांनी गुन्हेगारीकडे झुकलेल्या तरुणांना भुलवावं. कशाने? झोपवण्याच्या, अदृश्य होण्याच्या आणि दार उघडण्याच्या मंत्रांनी. त्यांना अशा गावात न्यायचं जिथली माणसं आधीच फितवून ठेवलेली आहेत. मंत्र म्हटला की दार उघडतं, कारण आत उघडणारा बसलाय. पहारेकऱ्यांना कोणी दिसत नाही, कारण त्यांना तसं सांगितलंय. लोक ढाराढूर झोपल्याचं सोंग करतात. पोरांचा विश्वास बसला की त्यांना खुणेच्या वस्तू चोरू द्यायच्या आणि मुद्देमालासकट धरायचं.

हे मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काळोखीला मंत्र शिकवणारा गुरू सभेचाच माणूस."

होय. आणि मंत्र कधीच चालत नव्हता. इतकी वर्षं पहारेकरी मान वळवत होते. जी टोळी स्वतःला सभेची वैरी समजत होती, ती सभेचीच गुरं होती, हवी तेव्हा सोडायची, हवी तेव्हा बांधायची. सातपैकी सहा जादू या एका फटक्यात उडाल्या. सावल्यांचा व्यापारीही गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. उरली फक्त मिठाच्या पाण्याची शपथ: नदीचं खारं पाणी तोंडात धरून शपथ घेतली की त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. सातमुखातला सगळा न्याय या एका चुळीवर चालतो.

चोडणची रात्र

आता मूळ चोरीकडे. बाईंनी लिहिलं होतं की चोर पौर्णिमेच्या मध्यरात्री मानशीतून खाजणात शिरला आणि मुद्रा घेऊन तिथूनच गेला. मला फक्त एवढंच बघायचं होतं की मानशीतून माणूस मावतो का. मांडवीतल्या चोडण बेटावर बाईंच्या मावशीचं घर आहे. रायबंदरची फेरी घेऊन आम्ही दोघं पलीकडे गेलो. योगायोगाने पौर्णिमाच होती, दोन दिवसांवर शाळा सुरू व्हायची होती, पाऊस दारात.

रात्री साडेअकराला बांधावर पोचलो. चांदणं इतकं की घड्याळ वाचता येत होतं. नदी काठोकाठ, बांधाच्या माथ्याखाली वीतभर. मानशीच्या फळ्यांवर बॅटरी मारली तर शेवाळ आणि खालच्या दगडांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार कडा. दार घट्ट. फटीतून आत येणाऱ्या पाण्याची बारीक शिट्टी ऐकू येत होती, बाकी काही नाही. मावशींनी शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना सोबत दिलं होतं. उमेदीत त्यांनी अनेक वर्षं मानशीची पावणी घेतलेली. बाईंनी त्यांना विचारलं, "काका, आता या वेळी इथून माणूस आत शिरू शकेल?"

त्यांनी आधी बाईंकडे, मग माझ्याकडे बघितलं. बहुतेक पोलिसात कळवावं की काय असा विचार केला असावा. मग म्हणाले, "पुनवेच्या मध्यानरातीं हांगा मनीस सोड गे बाय, सुंगट लेगीत भायर सरचें ना."

माणूस राहू दे, कोळंबीसुद्धा सुटणार नाही.

कोकण किनाऱ्यावरच्या दर्यावर्द्याला ठाऊक असलेला हिशोब त्यांनी बोटांवर करून दाखवला. तिथीला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. चवथीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीपासून सहा तास पुढे ओहोटी. हा अंदाज झाला. नदीत जसजसं आत जावं तसा वेळ पुढे सरकतो, आणि मांडवीत भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत गांज्यापर्यंत जाणवते. पण चोराला मिनिटाची गरज नसते. पौर्णिमेची मध्यरात्र म्हणजे भरलेली नदी, तीही उधाणाची, वर लख्ख चांदणं. यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडणार नाही. काकांना आता रस वाटायला लागला होता. त्यांनी स्वतःहून सांगितलं की आपण चोर असतो तर वद्य त्रयोदशीची पहाट धरली असती. पावणेदहाला भरती, चारच्या सुमाराला ओहोटी, अमावास्या जवळ म्हणून पाणी खोल उतरलेलं, आणि चंद्र असून नसल्यासारखा.

परत येताना बाई रडकुंडीला आल्या होत्या. सगळी कादंबरी पौर्णिमेच्या त्या दिव्यांवर उभी होती. साखळीला विठ्ठलापूरच्या त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत होड्या सोडतात, ते लहानपणापासून पाहिलेलं त्यांनी त्या प्रकरणात ओतलं होतं. "तारीख बदलते," त्या म्हणाल्या. "त्रयोदशी करते. दिवे काढून टाकते."

मीही हो म्हणणार होतो. सरळ दुरुस्ती तीच होती.

पहाटे मावशींच्या ओट्यावर चहा घेताना मला सुचलं ते असं. चूक दुरुस्त का करायची? ती कोणाच्या तरी तोंडी घालू. मध्यरात्री मानशीतून चोर गेला हे लेखिकेने सांगितलं तर ती चूक आहे. साक्षीदाराने सांगितलं तर ते खोटं आहे.

बाईंनी कप खाली ठेवला. "साक्षीदार कोण?" मी म्हटलं, बघा तुम्हीच. त्या उठल्या, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "शेवंतीचा बाप."

मला हे सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात एखादा अडाणी पहारेकरी होता, ज्याला भरती-ओहोटीतलं कळत नाही म्हणून तो फसतो. त्यातून एक बरा पुरावा मिळाला असता, बस. पण ज्याचा जन्म मानशीवर गेला, ज्याला झोपेतही पाणी कुठे आहे हे कळतं, तोच भर सभेत सांगतो की पुनवेच्या मध्यरात्री एक परका माणूस मानशीतून जाताना पाहिला. टेकडीवरच्या दहा वांगडांना यात काही खटकत नाही. त्यांनी नदी फक्त गच्चीवरून बघितलेली. मागे उभ्या असलेल्या शेवंतीला मात्र एका वाक्यात दोन गोष्टी कळतात. बाप खोटं बोलतोय. आणि आपण खोटं बोलतोय हे तिला कळावं अशी त्याची इच्छा आहे.

आणि सभेत बांधावरचे दोन वांगडही बसलेले आहेत. त्यांनाही कळतं. ते मान खाली घालून गप्प राहतात.

राजकारण म्हणतात ते मला या कादंबरीत प्रथम इथे दिसलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. माणसांनी आपलेच देव उचलून नदीपार अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या मुलखात, नेले. कितीजणांनी पाहिलं असेल आणि पाहिलं नाही म्हणून सांगितलं असेल! अशा मौनाशिवाय ते घडणं शक्य नव्हतं. आपलीच वस्तू आपणच पळवणं आणि गावाने डोळे मिटणं ही गोव्याच्या पोटातली गोष्ट आहे. बाई फोंडा-डिचोलीच्या मधल्या मुलखातल्या. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

शपथेची अडचण

पण मग शपथेचं काय? खारं पाणी तोंडात घेतलं की खोटं बोलता येत नाही, हा सातमुखाचा नियम. मानशेकार सभेत शपथ घेऊनच साक्ष देतो. मग खोटं बोलला कसा?

या गाठीवर आम्ही तीन आठवडे अडलो. बाईंनी सुचवलेले मार्ग सगळे पळवाटा होत्या: त्याने पाणी गिळलं नाही, त्याच्याकडे उतारा होता, देवीने क्षमा केली. एकच जादू ठेवायची आणि तीही हवी तिथे वाकवायची, तर सात ठेवलेल्या काय वाईट होत्या?

उत्तर पावसाने दिलं. जुलैत पणजीला मांडवी गढूळ तांबडी होऊन वाहत होती, आणि फेरीच्या धक्क्यावर उभं असताना माझ्या लक्षात आलं की हे पाणी आत्ता खारं नाहीच. पावसाळ्यात वरून येणारा लोंढा इतका असतो की मुखाजवळही वरचा थर गोडसर होतो. उन्हाळ्यात तेच खारं पाणी नदीत कितीतरी आत चढतं. शपथ मिठाची आहे, नदीची नव्हे. श्रावणात घेतलेली शपथ ही नुसती चूळ.

हे कळल्यावर चोरीची रात्र त्रिपुरारीवरून श्रावणी पौर्णिमेवर, म्हणजे आमच्या सुतां पुनवेवर आली. सभेची साक्ष त्यानंतर आठ दिवसांनी. सातमुखात खटले परंपरेने उन्हाळ्यातच चालतात; का, ते कोणाला आठवत नाही, लोक म्हणतात रस्ते कोरडे असतात म्हणून. खाजणाच्या कागदाची घाई झालेली सभा या वर्षी भर श्रावणात बसते. नियम मोडलेला नाही. वाचकाला सगळे दुवे दिले आहेत, फक्त तो त्यांना हवामान समजून पुढे जातो.

दिव्यांचं प्रकरण गेलं. यावर बाई माझ्यावर खरोखर चिडल्या होत्या आणि महिनाभर फोन नव्हता. त्यांचं म्हणणं, वाचकाला पुढे काय आठवतं, हिशोब की दिवे? मला अजूनही वाटतं की त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी त्यांनी ते पंधरा पानांचं प्रकरण पाच पानांवर आणून अखेरीला ठेवलं, जिथे उकलायचं काही उरलेलं नाही. तिथे ते अधिक शोभतं, पण पंधरा पानांतली ती थंडी त्यात नाही.

पेरणी

आता राहिला तिथीचा हिशोब. चोडणच्या माणसाला तो पाठ, पण पुण्याच्या किंवा नागपूरच्या वाचकाला माहीत असायचं कारण नाही. साक्षीच्या प्रसंगी समजावून सांगितला तर खोटं उघडं पडतं. नाही सांगितला तर वाचकाची फसवणूक. म्हणून तो तिसऱ्या प्रकरणातच, भांडणात लपवून सांगायचा ठरलं. सातमुखात घड्याळं नाहीत, चोवीस मिनिटांच्या घटका आहेत. बाईंनी आकडेमोड केली तेव्हा एक गंमत निघाली: तिथी पाऊणपट करण्याऐवजी दुप्पट करून तेवढ्या घटका धरल्या, तर पौर्णिमेला तीस घटका, म्हणजे भर दुपारपासून बरोबर बारा तास, म्हणजे नेमकी मध्यरात्र. काल्पनिक शहराचा हिशोब खऱ्यापेक्षा नेटका बसला. तो प्रसंग आता असा आहे:

"आत्ताची सुंगटं गे, आई. अजून उडतात बघ."
म्हातारीने टोपलीत बोट खुपसलं. "आज तिथी काय?"
"अष्टमी."
"दोन आठं सोळा. सोळा घटकांवर पाणी, म्हणजे उजाडता उजाडता नदी भरली. मध्यरात्रीनंतर मानशीचं दार हललं तरी का? मग ही आत्ताची कशी?"
शेवंती हसली. बापाने शिकवलेलं पहिलं गणित तेच होतं. तिने म्हातारीची पिशवी हलकेच कापली आणि गर्दीत मिसळली.

वाचकाचं लक्ष पिशवीकडे जातं. हिशोब कानावरून गेलेला असतो, तेवढा पुरे.

दुसरं वाचन

नवा खर्डा सहा जणांना दिला. पहिल्या पाचांपैकी दोघं यात होते. सहाही जणांनी शेवट गाठला. साक्षीच्या प्रकरणात दोघांना 'काहीतरी' खटकलं. एकाने मागे जाऊन सुंगटांचं भांडण शोधून काढलं आणि बाईंना रात्री अकराला फोन केला. शपथेचं मात्र कोणालाच आधी ओळखता आलं नाही, आणि कळल्यावर कोणी फसवल्याची तक्रारही केली नाही. मला हवं होतं ते एवढंच.

सगळं सुधारलं असं नाही. वाड्यातल्या मोलकरणीचा भाग अजून लांबतो. सभेतल्या बारा वांगडांपैकी चारच वेगळे ओळखू येतात, बाकी आठ जण आडनावं बदलून एकच माणूस आहेत. आणि मंत्राचा गुरू हेर असल्याचं कळल्यावर टोळीतली पोरं फार लवकर सावरतात. ज्यांनी आयुष्यभर स्वतःला अदृश्य मानलं, त्यांना आपण सगळ्यांना दिसत होतो हे कळल्यावर काय वाटेल, यावर बाईंनी दीडच पान खर्च केलंय. तिथे मी तीन वेळा खूण केली आहे.

सहावे वाचक चोडणचे काका होते. त्यांनी चष्मा पुसत पुसत दोन महिने घेतले. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा त्यांनी साक्षीबद्दल, शपथेबद्दल, राजकारणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवंती जिथे त्रयोदशीच्या पहाटे नदीकडून मानशीत शिरते, ते पान त्यांनी दुमडून ठेवलं होतं.

"बाय," ते म्हणाले, "ओढ मंदावली की फळी परत येते. ही आत शिरली तेव्हा बाहेरून फळी कोणी धरली होती?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे. मग त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि दुमडलेल्या पानावर, आधीच्या सगळ्या खुणांच्या वर, मोठ्या अक्षरात लिहिलं: दुसरा माणूस कोण?